बनूबाईचा दगड

आमच्या मुलीला, भावनाला, पहिला मुलगा झाला ते साल दोन हजार पाच. बाळ जेमतेम महिन्याचं होतं आणि उल्हास नदी बदलापुरात शिरली. पुढे श्रावण लागला. बाळाला कानटोपी घ्यायला मी बाजारात उतरलो तेव्हा दुकानांतला चिखल अजून निघायचा होता. दौलत माझ्याबरोबर होता. त्याला बांगड्या घ्यायच्या होत्या.

बांगडीवाल्याचं दुकान पाण्यात गेलं होतं. त्याने रस्त्याच्या कडेलाच गोणपाट अंथरून दुकान मांडलं होतं. पुढ्यात घमेलं, घमेल्यात पाणी, पाण्यात बांगड्या. एकेक काढायचा, फडक्याने पुसायचा आणि काठीत ओवायचा.

"हिरव्या दे," दौलत म्हणाला. "काचेच्या."

"माप काय?"

"ल्हान हाताच्या."

"मुलगी आहे का सून?"

"आय."

बांगडीवाल्याने मान वर करून पाहिलं. दौलतच्या मिशा पांढऱ्या झालेल्या, पुढचे दात पडलेले. "आजोबा, मस्करी करता काय? तुमची आई म्हणजे शंभरी गाठली असेल म्हातारीने."

"नाय रं बाबा," दौलत म्हणाला. "तुझ्यापरीस ल्हान हाय."

"दे तू," मी मध्ये पडलो. "त्याला दर साल लागतात."

त्याने हिरव्या कागदात बांगड्या गुंडाळून दिल्या. पुराचं पाणी लागलेल्या म्हणून भाव कमी करतो म्हणाला. दौलतने कमी करू दिला नाही.

दौलतची आई बनूबाई तो रांगत होता तेव्हाच गेली. तेव्हाही असाच श्रावण होता, सोमवार होता, तिचा उपास होता. नदी चढली आणि काठावरच्या शेतात, गोठ्यात गुरं बांधलेली. ती सोडायला खाली उतरली. गुरं घरी आली, ती आली नाही. पाणी ओसरल्यावर शेताच्या बांधाजवळ गाळात ती दिसली. आम्ही तेव्हा बौद्ध झालो नव्हतो. गावातली मेलेली ढोरं ओढायची ती आमच्या माणसांनी. कुणब्याच्या बाईला हात लावायचा तर विटाळ. पण त्या गाळात उतरायला कोणीच पुढे होईना, तेव्हा माझा बाप उतरला. त्याने तिला काढली, खांद्यावर घेतली आणि बांधावर आणून ठेवली. त्या दिवशी विटाळ कोणी म्हटला नाही. मी बांधावर उभा होतो. माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे.

सवाष्ण गेली म्हणून तिच्या सासूने नदीतला एक उंच धोंडा आणवून त्या जागी उभा केला आणि रीत घालून दिली. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दगडाला हळदकुंकू लावायचं, त्याची ओटी भरायची. खण, तांदूळ, नारळ आणि हिरव्या बांगड्या. सासू गेल्यावर दौलतची आत्या भरायची, आत्यानंतर दौलतची बायको गोदूबाई. गोदूबाईला अर्धांग झालं आणि तिची उजवी बाजू गेली, तेव्हापासून दौलत स्वतः भरू लागला. पुरुषाने ओटी भरणं आमच्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणून तो मला सोबत न्यायचा. मी काही देवाधर्माचा नाही. लांब उभा राहायचो, बिडी ओढायचो आणि त्याचं आटपलं की दोघं मिळून चहा प्यायचो. अंबरनाथच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात उमेदीची वर्षं काढली होती. तेव्हापासूनची ती सवय.

बाजारातून नदीकडे चालत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या वाळत घातलेल्या, कपाटांचे फुगलेले दरवाजे, पुस्तकांचे लगदे. एका तबेल्यापाशी अजून वास येत होता. दौलतने पिशवी छातीशी धरली होती.

"सुदाम," तो म्हणाला, "तुझ्या नातवाचं नाव काय ठेवलंस?"

"अजून नाही. भावना म्हणते राहुल ठेवू."

"मंग झालं. त्याला सांग, म्हाताऱ्या दौलतबरोबर पुढल्या साली ओटीला चल."

"तो चालेल तेव्हा तू असशील का?"

"नसलो तर तू ने त्याला. तुला तेवढंच पुण्य."

"आमच्यात पुण्य हप्त्याने मिळत नाही, दौलत."

तो दात नसलेल्या तोंडाने हसला. त्या दिवशी तो हसला तो तेवढाच.

शेत आता शेत राहिलेलं नव्हतं. गोदूबाईच्या आजारपणात त्याने ते बिल्डरला दिलं होतं. व्यवहाराला बसताना त्याने एकच अट घातली होती, दगड हलवायचा नाही. बिल्डरने ती पाळली. चार मजल्यांची इमारत उभी राहिली, खाली दुकानांचे गाळे निघाले आणि दगड मागच्या बाजूला, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून, स्कूटर लावायच्या जागेत तसाच उभा राहिला. जागा बघायला माणसं यायची तेव्हा दौलत बऱ्याचदा तिथे बसलेला असायचा. "काका, इकडे पाणी येतं का?" असं विचारायची. तो दगड दाखवायचा, आईचं सगळं सांगायचा. माणसं ऐकून घ्यायची. चुकचुकायची. मग एकमेकांना म्हणायची, ते जुन्या काळातलं, आता एवढी धरणं झाली. आणि जागा घ्यायची, कारण ठाण्याच्या मानाने इथे स्वस्त होती.

किर्तीनेही असंच ऐकून गाळा घेतला होता. तिचा नवरा चंदर मोरिवलीच्या एका कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. हिशेबाचे जे मिळाले ते आणि वर बँकेचं कर्ज घालून तिने पिठाची गिरण टाकली. चंदरला कारखाना सुटल्यापासून बोलायचाच कंटाळा आला होता, तो वजन करायचा आणि गप्प बसायचा. गिरण चालवायची ती किर्ती. दळण टाकता टाकता गिऱ्हाइकाशी बोलायची, ओरडूनच, कारण पट्ट्याच्या आवाजात दुसऱ्या कोणाचं ऐकू जायचं नाही. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी व्हायची. बायका म्हणायच्या, किर्ती, तुला पावडर लावायला नको. ती म्हणायची, फुकटची आहे, लावून घ्या तुम्ही पण.

सव्वीस जुलैला गिरण छतापर्यंत पाण्यात गेली. इमारतीतली माणसं वरच्या मजल्यांवर चढली, जीव कोणाचा गेला नाही. पाणी उतरलं तेव्हा गिरणीच्या मोटारीत गाळ होता आणि पीठ भिजून भिंतींना, दळायच्या दगडांना, डब्यांना लापशीसारखं चिकटलं होतं. ते धुता येईना, कारण गिरणीचा विमा होता. बँकेने कर्ज देतानाच उतरवायला लावला होता. कंपनीचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत कशाला हात लावू नका असा निरोप होता. तेव्हापासून ते पीठ तिथेच आंबत होतं. आम्ही नाल्यावरच्या मोरीपाशी पोचलो तेव्हाच वास आला.

मोरीवर किर्ती उभी होती. आमचीच वाट बघत होती.

"दौलतकाका, थांबा जरा."

"काय गं?"

"पिशवीत ओटी आहे ना?"

"मंग? सोमवार हाय आज."

"माहितीये. म्हणून तर इकडे येऊन उभी राहिले." तिने मागे वळून इमारतीकडे पाहिलं. "विम्याचा साहेब आलाय. सेक्रेटरीसोबत फिरतोय. काका, आजच्या दिवस तुम्ही परत जा."

दौलतला काही कळेना. मलाही कळलं नाही. "साहेब आला तर आमचं काय?" मी विचारलं. "आम्ही त्याचं काय खातो?"

"तसं नाही हो, सुदामकाका." ती घाईघाईने सांगू लागली. "पॉलिसी काढली ना, तेव्हा एजंटने विचारलेलं, इकडे याच्याआधी कधी पूर आलेला का. मला दौलतकाकांनी सांगितलेलं आठवत होतं. मी तसं बोलले त्याला. तर तो बोलला, ताई, ते लिहिलं तर कंपनी तुम्हाला उभी पण करणार नाही, पॉलिसी नाही तर कर्ज नाही. मग त्याने 'नाही' लिहिलं, मी सही केली. सगळ्या गाळेवाल्यांनी तसंच केलंय. आज साहेबाला टपरीवर कोणीतरी बोललं, इकडे जुना पूर येऊन गेलाय, बाई मेलेली, तिचा दगडपण आहे. तेव्हापासून तो तेच धरून बसलाय. बोलतो, आधी पूर आलेला असेल तर तुम्ही खोटं लिहून दिलंत, क्लेम पास होणार नाही."

"मंग मी काय करू त्याला?" दौलत म्हणाला.

"काही करू नका. फक्त आज येऊ नका. उद्या या, मी स्वतः ओटी भरते. साडी नेसवते दगडाला, म्हणाल ते करते."

"उद्या मंगळवार. आय मंगळवारी नाय गेली."

"काका, तुमची आई कधीच गेली! माझी गिरण आता गेलीये!"

मोरीखालून गढूळ पाणी जात होतं. किर्तीने दोन्ही हात तोंडावर घेतले. "चुकलं माझं," ती म्हणाली. "खरंच चुकलं, काका. पण चंदर रात्रभर जागा असतो. छताकडे बघत असतो नुसता. मला त्याची भीती वाटते."

दौलत पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. तो नाही म्हणाला असता की हो, मला सांगता येत नाही. त्याने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात इमारतीच्या कोपऱ्यावरून हाक आली.

"किर्तीताई! अहो ताई, इकडे या जरा. आणि ते काका आले का? त्यांना पण घेऊन या!"

सेक्रेटरी दिनानाथ हात हलवत होता. त्याच्यामागे एक माणूस उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नाकाला रुमाल. आता परत फिरलो असतो तर ते पळाल्यासारखं दिसलं असतं. आम्ही तिघं पुढे गेलो.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा असेल. बोलणं मऊ होतं, आणि चिखलात बूट गेले तरी त्याने चिडचिड केली नाही. गिरणीचे फोटो काढून झाले होते. आता तो मागच्या बाजूला दगडापाशी येऊन थांबला होता. दगडाच्या कमरेपर्यंत गाळ वाळला होता. वर्षांची हळद, कुंकू, सगळं पाण्याने धुऊन नेलं होतं. नुसता काळा धोंडा राहिला होता.

"बाबा, ही जमीन तुमची होती ना?"

"व्हती."

"म्हणजे लहानपणापासून तुम्ही इथेच."

"इथंच."

"मग मला सांगा, याच्याआधी इथे असा पूर आला होता का?"

"असा?" दौलत म्हणाला. "पार गाळ्यांच्या वरपर्यंत? असा कधी नाय."

"असा नसेल. याच्यापेक्षा कमी? शेतात पाणी, गोठ्यात पाणी?"

"नदी हाय साहेब. पावसाळ्यात पाणी येतं न जातं."

साहेबाने मान हलवली. मग त्याने दगडाला बोट लावलं. "आणि हा कसला दगड?"

दिनानाथला घाम फुटला होता. गाळेवाले आपापल्या शटरपाशी उभे होते, ते बोलायचे थांबले. चंदर गिरणीच्या दारात बसला होता, तोही बघू लागला. किर्ती माझ्या शेजारी होती.

दौलतने दगडाकडे पाहिलं. माझा हात बिडीसाठी खिशात गेला होता, तो तिथेच राहिला.

"म्हसोबा हाय," दौलत म्हणाला. "शेताचा राखण्या."

"म्हसोबा?" साहेब म्हणाला. "माझ्या गावी पण आहे आमचा. शेंदूर असतो त्याला."

"पुरात गेला ना सगळा शेंदूर!" दिनानाथ पटकन म्हणाला.

"हां. तेही आहे." साहेबाची नजर पिशवीवर गेली. पिशवीच्या तोंडातून नारळाची शेंडी आणि हिरवा कागद दिसत होता. कागद ओलसर होऊन फाटला होता, आतल्या बांगड्या दिसत होत्या. "पूजेला आला होता वाटतं? म्हसोबाला बांगड्या?"

त्याने हे हसूनच विचारलं. पण विचारलं.

"म्हसोबाला कशाला बांगड्या," दौलत म्हणाला. त्याने कागद काढला आणि किर्तीपुढे धरला. "हिच्या हायेत. पुरात डबे वर न्हेताना हिच्या बांगड्या फुटल्या. सणाचे दिवस, बायमाणसानं मोकळ्या हातानं राहू नये. घे गं."

किर्तीच्या हातात प्लॅस्टिकची एकेक बांगडी होती. तिने कागद घेतला. ती दौलतकडे बघत होती, दौलत तिच्याकडे बघत नव्हता.

"घाला की मग, ताई," साहेब म्हणाला. तो सहज म्हणाला की पारख करायला म्हणाला, ते मला अजूनही उमगलेलं नाही.

किर्तीने एक बांगडी हाताला लावली. दळणाचे डबे उचलून तिचा पंजा रुंद झाला होता. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. तिने जोर लावला. दुसऱ्या हाताने बोटं आवळून धरली, पुन्हा जोर लावला. काच मोडल्याचा आवाज झाला आणि मनगटाच्या वर रक्ताची रेघ आली.

"लहान आणल्यात, काका," ती म्हणाली. ती हसायला बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ध्यानात आलं नाय माझ्या," दौलत म्हणाला. "बाजारात चिखल किती, नीट बगितलंच नाय."

साहेबाने खिशातून दुसरा रुमाल काढून तिला दिला. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही पण गावचेच ना, बाबा? तुम्ही काय म्हणता?"

"मी बौद्ध आहे, साहेब," मी म्हटलं. "देवाचं मला काय विचारता?"

गाळेवाल्यांत कोणीतरी हसलं. साहेबही हसला. त्याने दगडाचा एक फोटो काढला आणि मुतारीच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं ते बघायला पुढे गेला.

आम्ही परत फिरलो. मोरीपाशी मी म्हटलं, "ओटी राहिली."

"कुनाची?" दौलत म्हणाला.

चहाच्या टपरीवर त्याने चहा घेतला नाही. घरी गेल्यावर त्याने नारळ फोडला, गोदूबाईला खोबऱ्याचा तुकडा दिला. तिने एका बाजूच्या तोंडाने विचारलं, भरली का? तो म्हणाला, भरली.

त्याच आठवड्यात दिनानाथने दगडाला शेंदूर लावून घेतला. कंपनीचा दुसरा कोणी माणूस तपासायला आला तर, म्हणून. संक्रांतीच्या सुमाराला सगळ्या गाळेवाल्यांचे क्लेम पास झाले. किर्तीची नवी मोटार आली, दळायचे नवे दगड आले. त्या दगडांना टाकी लावायला, छिन्नीने खाचा पाडायला, कारागीर आला होता तेव्हा चंदर स्वतः त्याच्याजवळ उभा राहून बोलत होता, इकडे खोल घे, तिकडे घेऊ नको. इतकं बोलताना मी त्याला प्रथमच पाहिलं.

किर्ती पेढे आणि गोदूबाईसाठी लुगडं घेऊन दौलतच्या घरी आली. मी तिथेच होतो. तिने वाकून नमस्कार केला आणि खाली बसली.

"काका, आता पैसे आलेत. आता कोणी येणार नाही. आपण सगळ्यांना खरं काय ते सांगू. दगडाजवळ आजीच्या नावाची पाटी लावू."

"नको."

"का पण?"

"उद्या परत पाणी आलं तर परत सायेब येल. मंग त्याला काय सांगशील, मागच्या टायमाला म्हसोबा होता न आता आय झाली?"

"मग तुमची ओटी?"

"पेढा दे गोदूला," दौलत म्हणाला. "तिला डाव्या बाजूनं भरव. उजवीकडं गेला तर ठसका लागतो."

माणसांना म्हसोबा आवडला. एवढ्या पुरात इमारतीत एकही माणूस दगावला नाही, सगळ्यांचे क्लेम झाले, म्हणजे देव जागृत असणार असं ठरलं. गाळेवाल्यांनी वर्गणी काढली. दगडाभोवती ओटा बांधला, त्याला पांढऱ्या टाइल लावल्या, वर पत्रा टाकला, घंटा टांगली. नवी गाडी घेतली की आधी त्याच्यापुढे आणायचे. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडे कामाला जाणारी पोरं सकाळी हात जोडून स्टेशनला पळायची. पुढच्या आषाढ अमावस्येला, गटारीला, त्याच्यापुढे कोंबडा कापला. रक्त टाइलवरून खाली आलं. दौलत त्या दिवशी तिकडे गेला होता. त्याची आई उपाशी पोटी मेली होती, उपासाची बाई. तो बांधकामाच्या उरलेल्या विटांवर बसून राहिला आणि मटणाचं ताट आलं तेव्हा उठून घरी आला.

दहा दिवसही झाले नसतील, श्रावणातला सोमवार आला. मी त्याला म्हटलं, जाऊ नको. त्याने ऐकलं नाही. बांगड्या तो एकटाच जाऊन घेऊन आला होता. आम्ही पोचलो तेव्हा ओट्यापाशी चार-पाच बाया नारळ घेऊन उभ्या होत्या. सगळी नवी बिऱ्हाडं, दौलतला ओळखणारं कोणी नाही. त्याने पिशवीतून खण काढून ओट्यावर ठेवला, त्यावर तांदूळ ठेवले, बांगड्या ठेवल्या. हळदीची पुडी सोडू लागला.

"ओ बाबा," त्यातली एक म्हणाली, "हे काय करताय? म्हसोबा आहे तो. पुरुषदेव आहे. त्याला बांगड्या घालताय?"

दुसरी फिदीफिदी हसली. "घरच्यांनी सोडलंय का ओ यांना एकटं?"

"मी आहे त्याच्याबरोबर," मी म्हटलं.

"मग सांगा ना त्यांना. कोप होईल देवाचा."

गिरणीचा पट्टा चालू होता. किर्ती दारात आली. भुवयांपर्यंत पांढरी. तिने ओट्याकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं. दिनानाथ तिथेच स्कूटर पुसत होता, त्याने तिच्याकडे बघून नको अशी बारीक मान हलवली. ती उभी राहिली. गिऱ्हाइकाने आतून हाक मारली, तरी उभी राहिली. पण बोलली नाही.

दौलतने ओटी उचलली. तांदूळ सांडले ते एकेक वेचून पिशवीत टाकले. बाया त्याला वाट द्यायला बाजूला झाल्या.

ती ओटी त्याने कुठे टाकली ते मला माहीत नाही. नदीकडे गेला होता, पण मला येऊ दिलं नाही. संध्याकाळी माझ्या घरी आला. भावना माहेरी आली होती, तिचा राहुल दाराला धरून उभा राहायला शिकला होता. दौलत उंबऱ्यावर बसला. पोराने त्याची मिशी ओढली, त्याने ओढू दिली.

"सुदाम," तो म्हणाला, "तुझ्या बानं काढली ना तिला?"

"काढली."

"तू बगत होतास?"

"बांधावर उभा होतो."

"मंग झालं व्हतं ना रं तसं?"

"झालं होतं, दौलत."

तो मान हलवून घरी गेला. त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी तो येऊन हेच विचारायचा. मी सगळं पहिल्यापासून सांगायचो. सोमवार, उपास, गोठा, गुरं कशी एकामागून एक घरी आली, माझा बाप गाळात कसा उतरला. मध्येच थांबवून तो विचारायचा, विटाळ कोनी बोललं नाय ना? नाही बोललं, मी म्हणायचो. आपण ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगताना माणसं तिच्यात आपली भर घालतात. दौलत काहीही घालत नव्हता. उलट दर वेळी त्याला थोडं कमी आठवायचं. शेवटी शेवटी त्याला ती आपली आई होती हेही मला सांगावं लागायचं. दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसा तो ऐकायचा आणि म्हणायचा, वाईट झालं.

त्याच्या दहाव्याला किर्ती आणि चंदर आले होते. किर्तीने मला बाजूला घेऊन विचारलं, आजींचं नाव काय होतं? तिला कधीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

मला वाटलं, एकदा कागदावर असावं. म्हणून लिहिलं.

दौलत दोन हजार सात साली, होळीच्या आदल्या दिवशी, आपल्या घरी वारला. त्याची आई बनूबाई उल्हास नदीच्या पुरात गेली. साल गावात कोणाला सांगता येत नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं, रेशनचं धान्य नुकतंच मिळायला लागलं होतं, श्रावणातला पहिला सोमवार होता.